मिक्सरवालीची जीप

तिला सगळी गल्ली मिक्सरवाली म्हणायची. त्याचं तिला काही वाटत नसे. वाटायचं ते लोक मिक्सर ज्या दशेत आणून टेकवत त्याचं. बुडाला चिकटा, पात्याखाली वाळलेला लगदा, आणि आणणाऱ्याचा चेहरा अगदी साळसूद. "आपोआपच बंद पडला हो," असं कुणी म्हटलं की हिचं डोकं फिरायचं. "आपोआप काही बंद पडत नाही, दादा. मोटरमध्ये पाणी घातलंत, ते सांगा आधी." दादा ओशाळायचे. मग ती मिक्सर असा काही दुरुस्त करून द्यायची की पुढच्या खेपेला तेच दादा शेजाऱ्यालाही बोलणी खायला बरोबर घेऊन यायचे.

घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. खिडकीखाली लांब टेबल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या वायरी, आणि एका बरणीत कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या आत घासत राहून तिला वीज पोचवणाऱ्या काळ्या कांड्या. हे काम तिला कुणी शिकवलं नव्हतं. लग्न होऊन आली त्या वर्षी घरातला मिक्सर जळाला, आणि नव्या नवरीने तो स्वयंपाकघरात मांडी घालून उघडला. सासूबाई म्हणाल्या, "उघडलायस ना, मग बंद करूनच ऊठ." दुसऱ्या दिवशी कामावरून येताना सासऱ्यांनी वर्कशॉपमधून जुन्या पान्ह्यांचा एक डबा मागून आणला आणि तिच्यापुढे ठेवला. "तुझ्या कामाला येतील," एवढंच म्हणाले. सासूबाई पुढे वारल्या. पण त्या दिवसापासून सासऱ्यांविषयी तिच्या मनात जी माया बसली, ती काही हलली नाही.

सासरे दगडाच्या खाणीत जीप चालवायचे. खाण म्हणजे डोंगराला पाडलेल्या पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांवरून साहेबलोकांना, कामगारांना आणि सामानाला वरखाली न्यायचं. चारही चाकांना जोर असलेली जुनी जीप, आणि तिच्यावर सासऱ्यांचा हात असा की खाणीत त्यांना सगळे उस्तादच म्हणत. उस्तादांना चालण्याचं मात्र वावडं. कोपऱ्यावरून काडेपेटी आणायची तरी कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून जातील. "चालायचंच होतं तर गाडी कशाला शिकलो असतो?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मग एके दिवशी खाणीच्या फाटकाशी त्यांचा उजवा पाय ब्रेकवर पडला, पण पडलाय हे त्यांना कळलंच नाही आणि ब्रेक दाबलाच गेला नाही. जीप सावकाश जाऊन खांबाला टेकली. कुणाला खरचटलंही नाही. पण उस्ताद खाली उतरले, साहेबांच्या टेबलावर किल्ली ठेवली आणि म्हणाले, "मला ब्रेक लागत नाहीये, साहेब. जीपचा नाही, माझा." कुणी काढलं नव्हतं त्यांना. ते स्वतःच बाहेर पडले.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं ते सरळ होतं. पायाच्या नसा कमजोर झाल्यात, गाडी आता नाही. औषध एकच, रोज चालणं. "नाही चालले तर पाय वाळत जाईल," डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "आणि एकदा पलंग धरला की मग उठवणं अवघड."

उस्ताद घरी आले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, ते बसलेच. नवऱ्याने पांढरे बूट आणले. ते खोक्यातच राहिले. काठी आणली, तिच्यावर उस्तादांनी टोपी टांगली. नवरा स्वभावाने गरीब, छापखान्यात कागद कापायच्या मशिनवर काम करून करून बोलणंही मोजकंच करणारा. तो रोज संध्याकाळी म्हणायचा, "बाबा, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ." बाबा म्हणायचे, "काय आहे कोपऱ्यावर?" संपलं संभाषण.

खरं कारण तिला ठाऊक होतं. पाय किंचित फरफटायचा, आणि ज्या गल्लीत आपण जीपमधून उतरायचो त्या गल्लीतून पाय ओढत जायची त्यांना लाज वाटत होती. कपडे वाळत घालताना ती त्यांच्या पायाकडे बघायची. पँटचा उजवा पाय डाव्यापेक्षा सैल दिसायला लागला होता. तिने चिडून बघितलं, गोड बोलून बघितलं, एकदा तर जेवायला वाढणार नाही म्हणूनही बघितलं. उस्ताद म्हणाले, "नको वाढूस. भूक कुठे आहे?" तिने हात टेकले.

अशात एका बाईंनी मिक्सरबरोबर मुलाची रिमोटवरची गाडी दुरुस्तीला आणून टाकली. वायर तुटली होती, दोन मिनिटांचं काम. चालवून बघायला तिने ती जमिनीवर ठेवली आणि हात तेलकट होते म्हणून रिमोट सासऱ्यांच्या मांडीवर दिला. "बाबा, जरा पुढे घ्या." उस्तादांनी बोटाने खटका दाबला. गाडी सुटली ती चपलेला अडखळून फरशीवर पालथी पडली.

"हॅत! ही काय गाडी आहे?" उस्ताद म्हणाले. "हिला चपला चढता येत नाही. मागच्याच चाकांना जोर आहे हिच्या. पुढची नुसती शोभेला."

किती दिवसांनी ते एवढं सलग बोलले होते! आणि बोलताना खटक्यावरचं बोट हलतच होतं. ती त्या बोटाकडे बघत राहिली. पाय नाही ऐकत, पण बोट तर ऐकतंय. गाडी बोटाने चालवायची असेल तर पायाची गरजच काय?

"चारही चाकांना जोर असेल अशी करू या का आपण?" ती म्हणाली. "मोठी. खरीखुरी चढणारी."

"तू? मिक्सर नाहीये तो."

"मिक्सरलाही मोटरच असते."

"मिक्सरची मोटर घालशील तर भिंतीतल्या प्लगपासून दोन हात लांब जाईल तुझी गाडी," उस्ताद म्हणाले आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. पण बोलणं बरोबर होतं, आणि तिला तिथेच अर्धं काम झाल्यासारखं वाटलं.

भंगारवाल्याकडून तिने मोडीत निघालेल्या गाड्यांच्या वायपरच्या मोटरी आणल्या, एका चाकाला एक अशा चार. काच पुसणारी ही मोटर फिरते सावकाश पण जोर मोठा, आणि चालते दुचाकीच्या बॅटरीवर. सांगाड्याला चौकोनी अ‍ॅल्युमिनियमचा पाइप, सामानाच्या ढकलगाडीची हवा भरायची चाकं, जुन्या सायकलींचे धक्के झेलणारे शॉकअप. रिमोट आणि स्टिअरिंग वळवणारी छोटी जोरकस मोटर एवढंच काय ते नवं. पुढची चाकं आपापल्या मोटरीसकट वळायला हवी होती, त्यासाठी तिने कपाटाच्या बिजागऱ्या लावल्या. उस्तादांनी खुर्चीतूनच मान हलवली.

"वाकतील."

"नाही वाकायच्या."

पहिल्याच दिवशी उंबऱ्यावर दोन्ही बिजागऱ्या वाकल्या आणि चाकं अशी फाकली की नवऱ्याला हसू आवरेना. तिने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो हसणं पोटात घेऊन आत गेला. मग तिने लोखंडी फाटकाच्या बिजागऱ्या आणल्या. त्यानंतर कुठलंही सामान लावण्याआधी ती मुकाट्याने उस्तादांना दाखवू लागली. ते हातात घेऊन वजन करायचे, नखाने टकटक करायचे, आणि "हं" किंवा "अंहं" म्हणायचे. दुकानात आलेली गिऱ्हाइकं ताटकळायची. "ताई, माझा मिक्सर?" "होईल हो. तुमचा मिक्सर कुठे डोंगर चढायचाय?"

जीप लहान टेबलाएवढी झाली. फरशीवर चालवून बघितली तेव्हा उस्ताद डोळे मिटून आवाज ऐकत होते. "उजवीकडे ओढतेय," ते म्हणाले. तिला दिसलं नव्हतं, पण खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सोडली तर खरंच जीप उजव्या भिंतीला जाऊन टेकली. ती चक्रावली. चाकं सरळ, हवा सारखी, मग का? दोन दिवस डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. वायपरची मोटर एकाच दिशेने फिरायला बनवलेली असते. डाव्या बाजूच्या दोन सुलट फिरत होत्या, उजव्या बाजूच्या मात्र तोंड पलीकडे करून बसवल्यामुळे उलट, आणि उलट फिरताना त्या जरा मागे पडत होत्या. आता इथे मात्र तिचं राज्य होतं. तिने चारही मोटरी उघडल्या आणि आतल्या कार्बन ब्रशची जागा थोडी थोडी सरकवत, पुन्हा पुन्हा फिरवून बघत, दोन्ही दिशांचा वेग सारखा केला. जीप सरळ गेली. उस्ताद म्हणाले, "हं." हा "हं" तिला आयुष्यातल्या कुठल्याही कौतुकापेक्षा मोठा वाटला, आणि तिने तो नवऱ्याला सलग तीन वेळा सांगितला.

टपाला वॉशिंग मशिनचा पत्रा, त्यावर खाणीच्या जीपसारखा हिरवा रंग, मागे जादा चाक, पुढे ओढायचा हूक. हूक हवाच असा उस्तादांचा हट्ट. "ओढणार काय?" नवऱ्याने विचारलं. "वेळ सांगून येत नाही," उस्ताद म्हणाले. ड्रायव्हरची रिकामी सीटही त्यांनी करून घेतली, आणि ती उजव्या बाजूलाच.

गावाबाहेर पाण्याच्या टाकीमागे एक मोकळं मैदान होतं, पलीकडच्या अंगाला मातीचा लांबलचक उंचवटा. रविवारी सकाळी नवऱ्याने शेजाऱ्यांचा टेम्पो मागून आणला. मागे जीप, उस्ताद पुढे, आणि त्यांच्यासाठी घरातली खुर्चीही तिने आठवणीने घेतली. खेळणारी पोरं खेळ टाकून भोवती जमली, टाकीचा राखणदार आला, फिरायला निघालेले चारदोन लोक थांबले. उस्ताद खुर्चीत ताठ बसले. इस्त्रीचा शर्ट होता अंगात.

जीप निघाली. दगडावर चढली, एक चाक हवेत, तीन चाकांवर तोल सांभाळत पलीकडे उतरली. पोरांनी आरडाओरडा केला. उस्तादांनी तिला मैदानाच्या मध्यापर्यंत नेलं, मोठ्या ऐटीत वळवलं, आणि जीपचं तोंड आता त्यांच्याकडे झालं. वाटेत डावीकडे गटाराचा चर होता. त्यांनी त्यापासून लांब जायला रिमोटवरचं छोटं चाक फिरवलं, आणि जीप थेट चराकडे निघाली. त्यांनी आणखी फिरवलं. जीप आणखी वळली. "बाबा, उलट, उलट!" नवरा ओरडला. उस्तादांना काय उलट ते कळेना, आणि जीप चरात जाऊन आडवी झाली. चाकं हवेत फिरत राहिली. पोरं हसली. पोरंच ती, हसणारच.

उस्तादांनी रिमोट मांडीवरून उचलून तिच्या हातात दिला. "हेही गेलं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून तिला जास्तच लागलं.

पुढचे दिवस आधीपेक्षा वाईट होते. आधी निदान "काय आहे कोपऱ्यावर" एवढं तरी बोलायचे. आता खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत. डॉक्टर म्हणाले होते तो पलंग तिला डोळ्यांपुढे दिसू लागला, आणि तो आपणच ओढून जवळ आणला असं वाटू लागलं. कशाला ही उठाठेव केली? मिक्सरवालीने मिक्सर करावेत!

जीपचा टप चेपला होता. तो ठोकून तिने ती अंगणात चालवून बघितली. पुढे नेली, वळवली, आपल्याकडे आणली, तुळशीभोवती, पाण्याच्या पिंपाभोवती फिरवली. कुठे अडखळली नाही. मग चुकलं काय? तिने पुन्हा आणली, पुन्हा नेली, आणि एकदम थांबली. ती स्वतः गाडी शिकलेलीच नव्हती. तिच्यासाठी जीप म्हणजे समोर हलणारी एक वस्तू. उस्ताद मात्र अख्खा जन्म सीटवर बसलेले. रिमोट हातात घेतला की ते मनाने त्या रिकाम्या सीटवर जाऊन बसायचे, आणि जीपने तोंड फिरवलं तरी त्यांचे खांदे मैदानाकडेच राहायचे. त्यांची उजवी बाजू एकीकडे आणि जीपची उजवी बाजू दुसरीकडे.

ती तशीच आत गेली. "बाबा, तुम्हाला गाडी येत नाही म्हणून नाही पडली ती. फार येते म्हणून पडली. मला कशी जमते बघा, कारण मला ओ की ठो येत नाही."

उस्तादांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या, आणि ते हसले. पोट हलवून हसले. "म्हणजे आता या वयात उलटं शिकू?"

"शिका की. सरावाने जमेल."

"नाही जमायचं," ते म्हणाले. पण रविवारी नवऱ्याने टेम्पो आणला तेव्हा नाही म्हणाले नाहीत. शर्ट मात्र साधाच घातला.

मैदानात तिने खुर्ची ठेवली. ते बसले. जीप निघाली, तो दगड पार केला, मैदानाचा मध्य आला. "आता सावकाश वळवा," ती म्हणाली.

उस्तादांनी वळवली नाही. जीप पुढेच निघाली होती, लहान होत होती. रिमोटचा पल्ला संपत आला होता. आणि उस्ताद उठले. खुर्चीच्या हाताला धरून, मग हात सोडून, ते जीपच्या मागे निघाले. उजवा पाय मातीत रेघ ओढत होता. नवरा आधाराला धावणार, तोच तिने त्याच्या शर्टाची बाही घट्ट पकडली.

"अगं, पडतील!"

"पडू देत. उचलू आपण. आता मध्ये जाऊ नका."

जीप माणसाच्या पावलाइतकीच चालत होती. वायपरच्या मोटरीला त्याहून जास्त वेग नव्हताच. तिच्या मागे उस्ताद, आणि मागे असल्यामुळे तिची उजवी बाजू तीच त्यांची उजवी बाजू. वळणं आता लोण्यासारखी येत होती. चर टाळला, झुडपाला वळसा घातला, आणि जीपने उंचवटा चढायला घेतला. उस्ताद थांबले. इथे थांबणार, तिला वाटलं. पण जीप माथ्यापलीकडे दिसेनाशी व्हायला लागली, आणि ड्रायव्हर गाडीला एकटं कसं सोडणार? त्यांनी एक हात गुडघ्यावर टेकला आणि चढले. माथ्यावर क्षणभर त्यांचा शर्ट दिसला. मग जीपही नाही आणि उस्तादही नाहीत.

दोघांनी वाट पाहिली. आवाज येईना तेव्हा ती साडी खोचून पळत सुटली. माथ्यावर पोचून बघते तो पलीकडे खाली, कच्च्या रस्त्याच्या कडेला जीप उभी, आणि तिच्याशेजारी उस्ताद, घामाने भिजलेले, धापा टाकत, एका पायावर भार देऊन.

"बॅटरी उतरली," त्यांनी वर बघून सांगितलं.

"बसा तिथेच, बाबा. हे टेम्पो आणतायत इकडे. तुम्ही पुढे बसा, मी हिच्याबरोबर मागे बसते."

टेम्पो आला. नवऱ्याने आणि तिने जीप उचलून मागे ठेवली. नवऱ्याने पुढचं दार उघडून धरलं. उस्तादांनी दाराकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

"चालव तू," ते मुलाला म्हणाले. "सावकाश चालव. मी येतो मागून."

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. तिने नुसती मान हलवली. टेम्पो पहिल्या गिअरमध्ये निघाला. ती मागच्या फळीवर, जीपला टेकून बसली. टेम्पोमागून उस्ताद चालत होते. मध्ये थांबत होते, दम घेत होते, आणि टेम्पोही थांबत होता. त्याच गल्लीतून, दारादारांत उभ्या असलेल्या लोकांसमोरून, पाय फरफटत. रिमोट त्यांच्या हातातच होता आणि वळण आलं की त्याचं छोटं चाक ते अचूक फिरवत होते. ते बघून मिक्सरवाली रडली. भर गल्लीत, गिऱ्हाइकांच्या देखत, डोळे न पुसता रडली.

घराच्या कोपऱ्याशी टेम्पो वळायला लागला, तसा मागून आवाज आला.

"अरे, वळतोस तर इंडिकेटर दे की! मागे मी आहे."